फाटकावरचे टाळ

या, जरा अलीकडे सरका. पाय मोकळे सोडून बसा, चहा येईल तोवर एक गोष्ट सांगतो. बुवा कीर्तनाला उभे राहण्याआधी मृदंगवाला दोन बोटांनी शाई चाचपून बघतो ना, तेवढाच वेळ मला द्या. मग गोष्ट आपल्या पायांनी चालायला लागेल. तिला देवाची म्हणा, रेल्वेची म्हणा, माझी हरकत नाही. तिच्यात एक फाटक आहे, एक गेटमन आहे आणि टाळांची एक जोडी आहे. त्या जोडीची रेल्वेच्या वहीत तीन वर्षं रोज तीनदा नोंद व्हायची.

जळगावहून भुसावळच्या वाटेला लागलं की नशिराबादच्या अलीकडे डाव्या हाताला कानळखेड्याचा रस्ता फुटतो. गाव यायच्या आधी रूळ आडवे येतात. तिथलं ते फाटक. गेटमनचं नाव छगन. अठ्ठावन्न वर्षांचा, उंच, खांद्यात किंचित वाकलेला, आणि घड्याळाकडे न बघता वेळ सांगणारा. गाव त्याला छगनभाऊ म्हणतं. आधी तो रुळांवरच्या गँगमध्ये होता, नंतर बावीस वर्षं या फाटकावर. राहायला पलीकडेच, कानळखेड्यात.

कीर्तनाचं त्याला भारी वेड. तरुणपणी पंचक्रोशीत कुठेही सप्ताह बसला की छगन बुवांच्या मागे टाळकऱ्यांत उभा असायचा. नोकरी लागली आणि टाळ सुटले. गेटमनचे दोन्ही हात रेल्वेचे असतात. एक फोनाला, एक झेंड्याला. तरी देवाला त्याची दया आली म्हणा, फाटकावर आल्याच्या पहिल्याच हिवाळ्यात भजन त्याच्या दारात चालत आलं.

झालं असं. संध्याकाळी सहा चाळीसला स्टेशनवरून पॅसेंजरचा फोन यायचा, छगन फाटक पाडायचा, पॅसेंजर जायची, मागोमाग एक मालगाडी, कधी समोरून दुसरी. वीस मिनिटं फाटक हलायचं नाही. ही वेळ बाजार करून, कामं आटोपून गावाकडे परतणाऱ्यांची. एके संध्याकाळी तर वऱ्हाडाचा टेम्पोही त्या गर्दीत अडकला. नवरदेव आत घामाघूम, बाहेर मामा तापलेला. दूधवाले मामाला बोलले, मामा ट्रॅक्टरवाल्याला बोलला, आणि मग सगळे मिळून छगनला बोलले. नवा माणूस आहे, मुद्दाम करतो, याला फाटक उघडायला हात नाहीत का, असं बरंच काही. एक जण तर दांडा उचलायला पुढे झाला.

त्या गर्दीत मंजुळाबाई होती. मेथी-कोथिंबीर विकणारी, पारोळ्याकडची लेक, कानळखेड्याची सून; चाळीस वर्षं इकडे काढली तरी बोलणं तिकडचंच, अहिराणी. तिनं रिकामी टोपली रस्त्यावर पालथी घातली, तिच्यावर बसली, आणि पिशवीतून टाळ काढले. ते पिशवीत असायचेच, कारण घरी जाण्याआधी ती देवळात डोकवायची.

"थांबनं त शेच ना भाऊ," ती दांड्याला हात घातलेल्या माणसाला म्हणाली. "मंग कावकाव करानापरीस देवनं नाव लिसन थांबूत."

आणि तिनं विठ्ठलाचं नाव लावलं. आवाज काही फार गोड नव्हता, पण खणखणीत होता, भाजी विकून कमावलेला. पितांबर नाना दूधवाल्याच्या मोटारसायकलीला रिकाम्या किटल्या लटकत होत्या. त्याचे हात आपोआप एका किटलीवर पडले. रिकाम्या किटलीचा आवाज असा भरीव निघाला की नवरदेवाचा मामासुद्धा मान डोलवायला लागला. मालगाडी गेली, छगननं फाटक उघडलं, तरी दोन मिनिटं कोणी हललं नाही.

दुसऱ्या दिवशी सहा चाळीसला पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी चार जण घरून टाळ घेऊन आले. बघता बघता फाटकाचं भजन ही पंचक्रोशीतली एक गोष्टच होऊन बसली. आधारदादा दीपनगरच्या वीज केंद्रात कामाला, सायकलवर पुढे लेक बसवून यायचे. ते बुद्धाचं गाणं म्हणत, तेव्हाही पितांबर नानाची किटली तितक्याच जोरात वाजायची. एखाद्या दिवशी पॅसेंजरला उशीर होऊन फाटक उघडं राहिलं तर लोकांचा हिरमोड व्हायचा. मोकळा रस्ता समोर टाकून माणसं अलीकडेच घोटाळायची आणि म्हणायची, छगनभाऊ, लावून टाक ना फाटक. असं फाटक आणखी कुठे असेल तर मला जरूर कळवा.

या सगळ्यात फक्त छगन बाहेर होता. भजन चालायचं फाटकाच्या या अंगाला, तो गुमटीच्या, म्हणजे गेटमनच्या खोलीच्या, दारात झेंडा धरून रुळांकडे तोंड करून उभा. गाडीची चाकं बघायची, कुठे धूर नाही ना, काही लोंबत नाही ना ते बघायचं, गार्डाला झेंडा दाखवायचा. कान मात्र मागे. म्हणून तर त्यानं दुपारी दोन ते रात्री दहाची पाळी स्वतःहून मागून घेतली होती. जोडीदारांना ती नकोच होती.

सुट्टीच्या दिवशी रांगेत बसून बघावं म्हणून तो एकदा धुतलेला सदरा घालून आला, पितांबर नानाच्या शेजारी बसला, आणि गुमटीतला फोन वाजताच उठून धावला. झेंडा शोधायला लागला. बदलीवरचा गेटमन हसून हसून खाली बसला. पुढच्या आठवड्यात पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तसंच. पाय ऐकेनात. मग छगननं मनाशी ठरवलं: फाटक आहे तोवर हे शरीर रेल्वेचं. निवृत्त होऊ, आणि दुसऱ्या दिवशी सहा चाळीसला त्या रांगेत मांडी घालून बसू. बायकोला, देवाला आणि मंजुळाबाईला त्यानं हे सांगून ठेवलं होतं.

तीन वर्षांपूर्वीच्या चैत्रात एका संध्याकाळी भजन संपल्यावर मंजुळाबाई गुमटीपाशी आली. चेहरा उतरलेला होता.

"भाऊ, आज टाळ जड वाटी ऱ्हायनात. तुनाजोडे ऱ्हाऊ दे. सकाय लिसू."

छगननं टाळ खुंटीवर अडकवले. सकाळी ती टाळ घ्यायला आली नाही, संध्याकाळीही आली नाही, आणि तिसऱ्या दिवशी गावातून निरोप आला. मूलबाळ नव्हतं. तेराव्याला पुतण्या आला होता. छगन टाळ द्यायला गेला तर त्यानं हात जोडले. म्हणाला, काकू म्हणायची ते फाटकाचे आहेत, मी कसे नेऊ. खरंच, ती तसंच म्हणायची. कोणी विचारलं, अक्का, टाळ कोणाचे, तर ती म्हणे, फाटकना.

आता छगन हा नियमाचा माणूस. गुमटीत एक वही असते. पाळी बदलताना काय काय ताब्यात दिलं-घेतलं ते तिच्यात लिहायचं आणि दोघांनी सही करायची. परक्याची वस्तू आपल्या पाळीत आली, ती नोंदीशिवाय कशी ठेवायची? म्हणून त्यानं झेंडे, दिवे, साखळी, कुलूप यांच्या खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं: टाळ, एक जोड. मंजुळाबाईंचे. सांभाळायला दिलेले. जोडीदार पहिल्या दिवशी हसले, मग सही करायला लागले. सकाळची पाळी सही करी, दुपारची करी, रात्रीची करी. तीन वर्षं ते टाळ रेल्वेच्या शिस्तीत हातातून हातात जात राहिले, आणि वाजले एकदाही नाहीत. खुंटीवरून काढून पुसायचे आणि परत अडकवायचे, एवढंच.

मग नवे दिवस आले. तुम्हाला तर ठाऊकच आहे, सगळीकडे फाटकं जातायत. गाड्या वाढल्या, वेग वाढला, शेजारी आणखी रूळ पडले. कानळखेड्यालाही सिमेंटचे घराएवढे चौकोनी डबे रुळांखाली ढकलून बोगदा केला. आणि जळगावात विजेवरच्या सिटी बस आल्या, त्यातली एक बोगद्यातून थेट कानळखेड्यापर्यंत येणार असं ठरलं. गावात साखर वाटायची बाकी राहिली होती. बाळंतीण अडकायची नाही, परीक्षेला पोरं मुकायची नाहीत, केळीच्या गाड्या तापत उभ्या राहायच्या नाहीत. छगनलाही हे पटत होतं. बावीस वर्षांत फाटकावर खोळंबलेल्या अँब्युलन्स त्यानं पाहिल्या होत्या. बोगदा झाला याचा आनंद त्याच्याइतका कोणाला होणार?

पण मनात एक बारीक काटा होता. फाटक नाही तर थांबणार कोण? कोणी थांबलं नाही तर भजन कसलं? दोन वर्षांनी निवृत्त झाल्यावर बसायचं म्हणून जी जागा त्यानं राखून ठेवली होती, ती जागाच आता उठणार होती. त्याची बदली भुसावळच्या यार्डात झाली होती. पितांबर नाना वरून आणखी चिडवायचा.

"धुळ्याकडे नवी लाईन टाकू राहिले, तिकडे मागून घे ना बदली," तो म्हणाला. "पण ऐकलं, त्या लाईनीवर फाटकच नाही ठेवत. तिथं तू काय उघडशील, खिडकी?"

छगन हसला. बायको धुळ्याच्या पलीकडची, तिच्या माहेरी आगगाडीची वाट बघण्यात दोन पिढ्या गेल्या होत्या, ती लाईन होतेय म्हणून घरात पुरणपोळी झाली होती. रेल्वेचं भलं व्हावं असं त्याला मनापासून वाटे. काटा तेवढा राहिला.

फाटकाचा शेवटचा दिवस फाल्गुनातला. दुपारी चार वाजता भुसावळहून भूपेंद्र साहेब आले, तरुण, हळू बोलणारे, चष्मा पुसत पुसत वाचणारे इन्स्पेक्टर. गुमटीतलं सामान ताब्यात घ्यायचं आणि वही कायमची बंद करायची हे त्यांचं काम. हिरवे झेंडे आले, लाल झेंडे आले, हातदिवे आले, धुक्यात रुळावर ठेवायचे इशाऱ्याचे फटाके आले. एकेकावर खूण करत साहेब खाली सरकले आणि थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"छगनभाऊ, हे टाळ म्हणजे कुठलं साधन?"

छगननं खुंटीकडे बोट दाखवलं आणि सगळी हकिकत सांगितली, वऱ्हाडाच्या टेम्पोपासून चैत्रापर्यंत. साहेबांनी मागची पानं चाळली. पान पान टाळ. त्यांच्याआधी येऊन गेलेल्या साहेबांच्याही खाली सह्या. ते हसले नाहीत. त्यांनी छगनला अगदी समजुतीनं सांगितलं की वही आज संपते, आणि वहीत आहे ते सगळं कोणाच्या तरी ताब्यात गेलं पाहिजे. भुसावळच्या स्टोअरात टाळांना रकाना नाही. ज्यांचे आहेत त्यांना द्या, सही घ्या, संध्याकाळची गाडी गेली की मी वही बंद करतो.

छगन टाळ घेऊन बाहेर आला. पितांबर नाना बोगद्याच्या तोंडाला झेंडूची तोरणं बांधत होता. छगननं त्याला म्हटलं, नाना, तू घे, भजन तूच चालवतोस. नानानं दोरी तोंडात धरली होती ती काढली.

"मंजुळाक्का काय म्हणायची? फाटकाचे. मग फाटकालेच विचार. मी किटलीवाला माणूस, मले काय टाळाचं देतो?" आणि मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "अन् उद्यापासून इथं थांबणार कोण रे छगन? घेऊन वाजवू कुठं?"

हे त्यानं चिडवायला म्हटलं नव्हतं, म्हणूनच छगनला जास्त लागलं. त्यानं टाळ सदऱ्याच्या खिशात ठेवले आणि तो गुमटीत परत गेला. तीन वर्षं सांभाळलेली अमानत, आणि परत घ्यायला जगात कोणी नाही. देवा, आता तूच सही कर, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

सहाला गाव लोटलं. बोगद्याच्या अलीकडे नवी बस उभी होती, हिरवी-पांढरी, काचा लखलखीत. चालवायला प्रज्ञा, आधारदादांची लेक, तीच सायकलच्या दांड्यावर बसून यायची ती. बापानं आयुष्यभर वीज केली आणि लेक विजेवरची गाडी घेऊन आली, यावर गावातल्या बायकांनी तिची दहा वेळा अलाबला घेतली. आधारदादा पहिल्या सीटवर बसले होते, पाठ अशी ताठ की गणवेश त्यांनीच घातलाय असं वाटावं.

चाकाखाली लिंबू ठेवलं. गुरुजींनी हळद-कुंकू वाहिलं, नारळ हातात धरला आणि वाट बघायला लागले. बसही काही बोलेना, प्रज्ञाही बोलेना. गुरुजींनी सांगितलं, अगं, गाडी चालू कर, इंजिनाचा आवाज झाला की मी नारळ फोडतो.

"चालूच आहे काका," प्रज्ञा खिडकीतून म्हणाली. "हिला आवाज नाही."

तिनं जराशी पुढे घेऊन दाखवली आणि लिंबू मंत्राआधीच चिरडलं. गर्दी खळखळून हसली. गुरुजींनी घाईघाईनं नारळ फोडला आणि देवाला उशिराबद्दल क्षमा मागितली. भूपेंद्र साहेब आणि आणखी दोन अधिकारी बसमध्ये चढले. ठरलेलं असं होतं की आधी बस बोगद्यातून जाईल, तिच्या मागे मोटारसायकली, ट्रॅक्टर आणि पायी माणसं, आणि मग बोगदा सगळ्यांना खुला.

तेवढ्यात गुमटीतला फोन वाजला. सहा चाळीस.

छगननं शेवटचं फाटक पाडलं. दांडा खाली येताना घंटा वाजते, ती वाजली. तो हिरवा झेंडा घेऊन दारात उभा राहिला, तोंड रुळांकडे. मागे बघायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. आता बस जाईल, मागोमाग सगळे जातील, रस्ता रिकामा होईल, आणि आपण एकटे पॅसेंजरला झेंडा दाखवू. असू दे. गावाचं भलं झालं.

पण मागे चाकांचा आवाज येईना. बसला तर आवाजच नाही, ती गेली असेल. मोटारसायकली? त्या सुरू होऊन बंद पडल्या. एकामागून एक इंजिनं थंडावली आणि सगळीकडे शांत झालं. छगनला राहवलं नाही. त्यानं मान वळवली.

बस बोगद्याच्या तोंडाशी उभी होती. पुढे रस्ता मोकळा, धुतलेला, झेंडूनं सजलेला, आणि त्यावर चिटपाखरू नाही. बसच्या मागे मोटारसायकलवाल्यांनी किल्ल्या फिरवून पाय टेकवले होते. ट्रॅक्टरवाला खाली उतरून तंबाखू मळत होता. बायकांनी टोपल्या उतरवून ठेवल्या होत्या. सगळं गाव नेहमीच्या जागी, नेहमीसारखं थांबलं होतं.

भूपेंद्र साहेबांनी प्रज्ञाला विचारलं, काय झालं, रस्ता तर मोकळा आहे. प्रज्ञाचा पाय अजून ब्रेकवर होता. तिनं पुढे बघितलं, मागे आरशात बघितलं, आणि तिचा चेहरा लाल झाला.

"सर," ती म्हणाली, "फाटक लागलंय."

क्षणभर कोणाला काही कळेना. मग आधारदादा हसले, मग बसमधले अधिकारी हसले, आणि मागच्या गर्दीला आपण कशासाठी थांबलो हे ध्यानात आलं तसं हसू रस्ताभर पसरत गेलं. खालून बोगदा उघडा, आणि हे वरच्या फाटकासाठी उभे. घंटा वाजली की थांबायचं. बावीस वर्षांत ते पायांत एवढं मुरलं होतं. छगनला आपली ती सुट्टीची संध्याकाळ आठवली. आपलेच पाय तेवढे वेडे नव्हते तर.

हसून झालं, तरी पुढे कोणी गेलं नाही. पितांबर नानाची किटली वाजली. एकदा, दोनदा, मग ठेक्यात. पिशव्यांतून टाळ निघाले, आणि विठ्ठलाचं नाव उठलं. बसच्या खिडक्यांतूनही उठलं. डिझेलची घरघर नाही, धूर नाही, त्यामुळे इतक्या वर्षांत कधी ऐकू आला नव्हता इतका स्वच्छ एकेक शब्द छगनपर्यंत आला.

पॅसेंजर आली. छगन ताठ उभा राहिला. चाकं बघितली, डबे बघितले, गार्डाला झेंडा दाखवला. लोको पायलटला कोणी सांगितलं होतं की काय कोण जाणे, त्यानं लांबलचक शिट्टी दिली. पाठोपाठ मालगाडी आली, कोळशानं भरलेली, मोजून थकावं एवढी लांब. शेवटचा डबा गेला. छगननं झेंडा गुंडाळला, फोनवर स्टेशनला कळवलं आणि रिसीव्हर खाली ठेवला. आता त्या फोनाला त्याच्याशी काही काम नव्हतं.

दांडा पडलेलाच राहिला. आता तो उचलायचा नव्हता.

"कायमचं लागलं रे फाटक," पितांबर नाना किटली न थांबवता ओरडला. "म्हणजे भजनही आता उठायचं नाही. छगनभाऊ, अजून काय पाहतो? ये ना खाली."

छगन खाली उतरला. त्याची जागा खरोखर मोकळी होती. बसच्या दाराशी, आधारदादांच्या शेजारी. तो बसला. खिशात हात घातला. टाळांची दोरी बोटांत ओढली आणि तीन वर्षांनी मंजुळाबाईचे टाळ एकमेकांना भेटले. तो नाद असा निघाला की बायकांच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, अक्काचे आहेत. डोळ्यांना पदर लागले, आणि आवाज मात्र चढा झाला.

प्रज्ञानं ब्रेक सोडला. बस बोगद्यात शिरली. आणि काय सांगू तुम्हाला, सिमेंटच्या त्या पेटीनं एकेक नाव झेललं आणि दुप्पट करून परत दिलं. गाडीत टाळांची एकच जोड वाजे, वाटे मागे वीस टाळकरी उभे आहेत. छगननं डोळे मिटले. तरुणपणी बुवांच्या मागे उभं राहिल्यावर जसं वाटायचं, तसं त्याला वाटलं, फक्त आता तो बसलेला होता आणि उठून धावायला कोणी बोलावत नव्हतं.

बोगद्यातून बाहेर, वांग्यांच्या मळ्याजवळ भूपेंद्र साहेबांनी पिशवीतून वही काढली. त्यांनी विचारलं, टाळांची सही राहिलीय, कोण करतं? गाडीत गलका झाला. कोणी नानाचं नाव घेतलं, कोणी मंदिराच्या पंचांचं. आधारदादांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"ज्यानं तीन वर्षं वाजवले नाहीत, त्याच्याकडेच द्या, साहेब," ते म्हणाले. "त्याच्याएवढा धीर आमच्यात कोणाला नाही."

साहेबांनी वही छगनपुढे धरली. देणाऱ्याच्या रकान्यात त्याचंच नाव होतं. घेणाऱ्याच्या रकान्यात त्यानं हळूहळू, सुवाच्य अक्षरात, पुन्हा आपलं नाव लिहिलं. पुढे लिहिलं: मिळाले. साहेबांनी त्याखाली साक्षीदार म्हणून सही केली, वही मिटली, आणि विचारलं की कोरस म्हणायला शब्द माहीत असावे लागतात का. शब्द एकच होता. तोही त्यांना येत होता.

त्या संध्याकाळी बसच्या शेवटच्या थांब्यावर, देवळापुढे, गावानं कापसाच्या काड्यांवर वांगी भाजली. भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. विजेच्या गाडीतून आलेले अधिकारी चुलीच्या धुरात डोळे चोळत तीन तीन भाकरी जेवले.

आणि पुढे काय झालं, तर हे. छगन सकाळी भुसावळला यार्डात जातो. ड्युटी संपली की गाडीनं जळगावला येतो, थोडा बाजार करतो, आणि कानळखेड्याची संध्याकाळची बस धरतो. ती बोगद्यापाशी बरोबर सहा चाळीसला येते. जुन्या फाटकापासून गावाच्या थांब्यापर्यंत, मळ्यामळ्यांत थांबत थांबत, वीसच मिनिटं. बोगद्याच्या तोंडाशी प्रज्ञा एकदा घंटी वाजवते, आणि नाव सुरू होतं. पितांबर नानाची मोटारसायकल आता घरी असते. एक रिकामी किटली तेवढी तो मांडीवर घेऊन येतो, आणि कंडक्टर तिला सामान म्हणत नाही. दोन वर्षांनी मिळणार होती ती जागा छगनला दोन वर्षं आधी मिळाली. उतरताना तो टाळ पुसतो आणि खिशात ठेवतो. वही नाही, तरी ओठांतल्या ओठांत म्हणतो: टाळ, एक जोड, मंजुळाबाईंचे.

चहा आला बघा. घ्या. एवढं मात्र करा: कधी कुठल्या फाटकावर, सिग्नलला, स्टँडवर खोळंबलात आणि आजूबाजूला कावकाव सुरू झाली, तर पालथ्या टोपलीवर बसलेल्या मंजुळाबाईची आठवण काढा. देवाचं नाव घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तिची आठवण तेवढी काढा.